पाठवले आणि पोहोचले

मराठीत ‘पोच’ ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. पाठवलेली वस्तू मिळाल्याची खूण ती पोच. आणि एखाद्याची समज जिथवर जाते तीही पोच. ‘पैशांची पोच दिली’ ह्या वाक्यातली पोच कागदावर असते; ‘त्याला पोच नाही’ ह्या वाक्यातली पोच माणसात असते, किंवा नसते. ज्या भाषेने ह्या दोन गोष्टींसाठी एकच शब्द वापरला, तिच्या बोलणाऱ्यांना निरोप पोहोचणे आणि निरोपाचा अर्थ पोहोचणे ह्यांतले नाते पूर्वीपासून जाणवत असावे, असे आम्हांला वाटते. व्युत्पत्तिशास्त्रात हा तर्क टिकेल असा आमचा आग्रह नाही. परंतु खिशातल्या फोनाने गेल्या काही वर्षांत आम्हां मराठीच्या मास्तरांपुढे जे प्रश्न टाकले, त्यांचा विचार करू लागलो की हा शब्द पुनःपुन्हा आडवा येतो.

पूर्वी पत्राच्या शेवटी ‘पत्र पावल्याची पोच द्यावी’ असे लिहिण्याचा प्रघात होता. रजिस्टर पत्राला जोडलेले पोचपावतीचे कार्ड घेणाऱ्याची सही होऊन परत येई, आणि त्या सहीसाठी आठवडा थांबण्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. आपल्याकडची तारसेवा १४ जुलै २०१३ च्या रात्री बंद झाली. तोवर पोच देण्याचे काम माणसांच्या हातून यंत्राकडे जाऊ लागलेच होते. व्हॉट्सॲपवर निरोपाशेजारी घड्याळ दिसते तेव्हा तो आपल्या फोनातून बाहेरही पडलेला नसतो. एक खूण उमटली म्हणजे तो कंपनीच्या यंत्रापर्यंत गेला, दोन उमटल्या म्हणजे समोरच्याच्या फोनात उतरला, आणि त्या निळ्या झाल्या म्हणजे उघडला गेला. ही निळाई नोव्हेंबर २०१४ मध्ये आली. साहित्याच्या विद्यार्थ्याने जरा थांबून पाहावे अशी ही वर्गवारी आहे. संप्रेषणाच्या प्रक्रियेवर आपण वर्गात तासन् तास बोलतो. इथे ती चार चिन्हांत मांडलेली आहे. फक्त शेवटची पायरी तेवढी तिथे नाही. उघडलेला निरोप समजला की नाही, ह्याची खूण कोणत्याही ॲपाजवळ नाही.

आमचे महाविद्यालय कोकणात, घाटाच्या पायथ्याशी आहे. इथे ‘रेंज’ हा शब्द हवामानाच्या शब्दांसारखा वापरला जातो. ती येते, जाते, सकाळी बरी असते, पावसात बसते. विद्यार्थी वर्गात शिरताच खिडकीजवळचा बाक धरतात. त्यांना निसर्गाची ओढ आहे असा समज नव्या प्राध्यापकांचा पहिल्या आठवड्यात होतो. वस्तुतः जाड चिऱ्याच्या भिंतींतून लहरी नीट आत येत नाहीत आणि त्या खिडकीतून समोरच्या टेकडीवरचा मनोरा दिसतो, एवढेच त्यामागचे रहस्य. फोनाच्या कोपऱ्यातल्या रेषा पूर्ण असूनही पान उघडत नाही, ह्याचा अर्थही आम्हांला उशिरानेच कळला. त्या रेषा मनोऱ्याचा आवाज आपल्यापर्यंत किती स्पष्ट येतो एवढेच सांगतात. त्याच मनोऱ्याशी आणखी किती जण बोलू पाहत आहेत, हे सांगत नाहीत. गणपतीत मुंबईकर गावी आले की रेषा पूर्ण असतात आणि चित्र मात्र उतरत नाही. जत्रेच्या रात्रीही तेच. पावसाळ्यात लाईट गेली की मनोरा काही काळ बॅटरीवर तग धरतो आणि मग तोही मुका होतो. अशा वेळी विमानाचे चिन्ह दाबून फोन क्षणभर जगापासून तोडावा आणि पुन्हा जोडावा, की तो नव्याने मनोरा शोधतो. हा तोडगा आमच्या शिपाईमामांपासून प्राचार्यांपर्यंत सर्वांना पाठ आहे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. पुढे २०२० साली टाळेबंदी आली आणि वर्ग फोनात भरू लागले. त्या दिवसांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. आम्हांला त्यातली एकच गोष्ट नोंदवायची आहे. तासाला कोण हजर आहे हे तेव्हा पडद्यावरच्या नावांच्या यादीवरून ठरत असे आणि ती यादी श्वास घेतल्यासारखी कमीजास्त होई. चोवीस, एकोणीस, तेवीस, अकरा. जी नावे वारंवार गळत ती साधारणपणे त्याच त्या वाड्यांमधली असत. सिंधुदुर्गात एका मुलीने रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास केल्याची बातमी त्या वर्षी वर्तमानपत्रांतून आली आणि तिचे सर्वत्र कौतुक झाले. ते योग्यच होते. पण कौतुकाच्या भरात, डोंगर चढावा लागणे ही मुळात शिक्षणाची अट कशी झाली, हा प्रश्न बाजूला पडला.

हा प्रश्न आमच्या दारात आला तो टाळेबंदी सरल्यानंतर. फॉर्म, दुवे, मुदती ही टाळेबंदीतली सामग्री नंतरही कायम राहिली, कारण ती कार्यालयाला सोयीची होती. अंतर्गत मूल्यमापनाचे निबंध ऑनलाइन फॉर्मातूनच द्यायचे, रात्री बारा वाजता फॉर्म आपोआप उशिराची नोंद करू लागेल, असा नियम होता. एका जुलैत आमच्या एम. ए.च्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीचा निबंध बारा वाजून सहा मिनिटांनी पोहोचला आणि दहापैकी तीन गुण कापले गेले. तिचे घर नदीपलीकडच्या वाडीत. रेंजसाठी पाखाडी चढून सड्यावर जावे लागते. रात्री पावसात, छत्री आणि विजेरी घेतलेल्या भावाला सोबत घेऊन ती वर गेली होती. अकरा बावन्नला तिने बटण दाबले. चौदा मिनिटे ते चक्र फिरत होते.

दुसऱ्या दिवशी ती आली, ती भांडायला नव्हे. “सर, मी वेळेत पाठवला होता. तो वेळेत पोहोचला नाही, हे मला मान्य आहे. पण नियमात ‘पाठवावा’ असं लिहिलंय,” एवढेच ती म्हणाली. शब्दाकडे असे पाहायला आम्हीच शिकवतो. तेव्हा उत्तर देणे भाग होते.

विभागाच्या बैठकीत ह्यावर दीड तास चर्चा झाली. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले की तिने दाखवलेल्या पडद्याच्या छायाचित्रावरची वेळ ही फोनातल्या घड्याळाची आहे आणि फोनातले घड्याळ हाताने मागे नेता येते. आज हिला सूट दिली तर उद्या पन्नास छायाचित्रे येतील. हा मुद्दा खोडून काढण्यासारखा नव्हता. आम्ही तो खोडलाही नाही. दुसऱ्या बाईंनी मात्र एक निराळीच गोष्ट विचारली. गेल्या दोन वर्षांत उशिराची नोंद झालेल्या निबंधांची नावे काढा आणि त्यांच्यापुढे गावे लिहा, असे त्या म्हणाल्या. यादी निघाली. तालुक्याच्या गावातली मुले त्यात जवळजवळ नव्हती. आळशीपणाची वाटणी मनोऱ्यापासूनच्या अंतराप्रमाणे होत असेल, असे मानायला बैठकीतले कोणीच तयार झाले नाही.

शेवटी ठरले ते असे: फॉर्म राहील, पण मुदत संपल्यावर दोन दिवसांच्या आत हस्तलिखित किंवा छापील प्रत विभागात आणून दिली तर ती वेळेतली मानावी. कार्यालयाने हा ठराव पुढल्या सत्रापासून लागू केला. मागील प्रभावाने नियम बदलता येत नाहीत, असे सांगून त्या मुलीचे तीन गुण परत दिले नाहीत. आमच्या मते हा अन्याय होता आणि तसे आम्ही लेखी कळवले. कळवल्याची पोच मिळाली. दुसऱ्या अर्थाची पोच मिळाल्याचे आमच्या अनुभवास आले नाही.

तिच्या निबंधाचा विषय येथे सांगितला पाहिजे, कारण फोनाची दुसरी बाजू त्यातच आहे. आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्यांवर तिने लिहिले होते. ह्या क्षेत्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ह्यांनी पुण्यातून उभे केलेले काम प्रचंड आहे. त्यांच्या प्रकल्पातल्या एक लाखाहून अधिक ओव्या २०१७ पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर येऊ लागल्या आणि आमच्या विद्यार्थ्यांना त्या ऐकता येऊ लागल्या. ती मुलगी तेथूनच प्रेरणा घेऊन आजीपाशी बसली. साधन काय, तर फोनात विकत घेतानाच असलेले ध्वनिमुद्रणाचे ॲप. त्याला रेंज लागत नाही. आजी चुलीपाशी, फोन ताटाला टेकवलेला, आणि मागे कोंबड्यांचा कलकलाट. अशा एकेचाळीस ओव्या तिने नोंदवल्या. पूर्वी ह्याच कामासाठी टेपरेकॉर्डर, कॅसेटी आणि सेल ह्यांचा खर्च विद्यापीठाकडून मंजूर करून घ्यावा लागे. स्मार्टफोनाने साहित्याच्या अभ्यासाला काय दिले, असे कोणी विचारले तर आम्ही प्रथम ह्या मुद्रणाचेच नाव घेऊ.

पुढची पायरी लिप्यंतराची. बोललेले मराठी आपोआप टंकित करण्याची सोय गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये दिली. ती आम्ही स्वतः रोज वापरतो. टाचणे काढायला तिच्यासारखे साधन नाही. मुलीने आजीचा आवाज त्या सोयीला ऐकवला. जे उमटले ते पाहण्यासारखे होते. ‘खंय’चे ‘काय’ झाले, अनुनासिके गळाली, क्रियापदांची बोलीतली रूपे सरळ होऊन पुस्तकी झाली, आणि जे शब्द यंत्राला मुळीच लागले नाहीत त्यांच्या जागी कुठल्याशा चित्रपटातल्या नटाचे नाव आले. ओवीची लांबी तेवढी शिल्लक राहिली. म्हणजे आवाज पोहोचला होता. पोहोचता पोहोचता तो प्रमाणभाषा झाला होता. शुद्धलेखनाच्या नावाखाली आपल्या संपादकांनी पूर्वी लोकसाहित्याचे जे केले, ते हे यंत्र एका क्षणात आणि निर्विकारपणे करते. मुलीने सर्व ओव्या हाताने उतरवल्या. तिला एकवीस दिवस लागले. तिच्या निबंधातला सर्वांत चांगला भाग म्हणजे यंत्राचे लिप्यंतर आणि तिचे लिप्यंतर शेजारीशेजारी ठेवणारा तक्ता. बोली आणि प्रमाणभाषा ह्यांवरचा आमचा दोन तासांचा पाठ त्या एका पानात आहे.

लिपीचेही असेच आहे. ज्या ‘ॲप’ विषयी आपण बोलतो आहोत, त्याच्या पहिल्या अक्षराची गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. युनिकोडच्या तक्त्यात स्वतंत्र ‘ॲ’ हे अक्षर २००८ साली, म्हणजे ५.१ ह्या आवृत्तीत आले. ॲपलचे ॲप स्टोअरही त्याच वर्षी जुलैत उघडले. अक्षर आणि वस्तू जणू एकाच मुहूर्तावर अवतरली. त्यापूर्वी ‘अ’ वर अर्धचंद्र चढवून काम भागवले जाई, आणि तसे लिहिलेला मजकूर अद्याप सर्वत्र पसरलेला आहे. पुष्कळ फोनांवर दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात. शोधणाऱ्या यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. एका रूपाने शोधले तर दुसऱ्या रूपातला लेख सापडेलच अशी खात्री नाही. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ ह्यांचीही तीच गत. डोंगरातल्या दऱ्या लिहायच्या तर नुक्ता असलेला ‘र’ लागतो, आणि तो न मिळाल्याने कित्येक प्रबंधांत सह्याद्रीतून समुद्र वाहतात. पोथ्यांतले पाठभेद लेखनिकाच्या हाताने होत. हे पाठभेद डोळ्यांना न दिसणारे आहेत. संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने शोध नेहमी दोन्ही रूपांनी घ्यावा, हा आमचा पहिला व्यावहारिक सल्ला.

साध्या निरोपांच्या काळाची आठवणही येथे अप्रस्तुत नाही. एका एसेमेसमध्ये रोमी लिपीची १६० अक्षरे मावत. देवनागरी वापरताच ती मर्यादा ७० वर येई, आणि त्यातही प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी स्वतंत्र मोजली जाई. तरुण मुले रोमी अक्षरांत मराठी लिहितात म्हणून त्या काळी अनेक परिसंवादांतून हळहळ व्यक्त झाली. त्या हळहळीत हा हिशेब क्वचितच आला. मातृभाषेत लिहायला दुप्पट पैसे मोजावे लागत होते, आणि मुलांजवळ ते नव्हते. आज फोनावर कळफलक फुकट मिळतो, सत्तरची भिंत राहिली नाही, आणि तीच पिढी, आता थोडी पोक्त झालेली, देवनागरीत धडाधड लिहिते. भाषेवरचे प्रेम मोजताना दरपत्रकही समोर ठेवावे, एवढेच ह्यावरून आम्ही शिकलो.

आता कोशांविषयी. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा. त्याची सुधारलेली १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्दागणिक शोधता येते. दाते-कर्वे ह्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि तुळपुळे-फेल्डहाउस ह्यांचा जुन्या मराठीचा कोशही तेथेच आहेत. वाईला सिद्ध झालेला मराठी विश्वकोश फोनावर वाचता येतो. आमच्या विद्यार्थिदशेत दात्यांचे खंड ग्रंथालयातल्या कुलूपबंद कपाटात असत आणि किल्ली ज्यांच्याजवळ असे ते दुपारी जेवायला घरी जात. आज खिडकीच्या बाकावरची मुलगी लीळाचरित्रातला अडलेला शब्द आम्ही फळ्याकडे वळेपर्यंत शोधून देते. हे वैभव आहे, आणि त्याला नाके मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. मात्र खिडकीपासून दूर बसलेल्यांसाठी कपाटाला अजून कुलूपच आहे. किल्लीवाले गृहस्थ तेवढे बदलले.

शिवाय जे हातात आहे असे वाटते ते हातात असतेच असे नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ ॲपांवर बंदी घातली. त्यांत कॅमस्कॅनर होते. ऐन ऑनलाइन वर्गांच्या दिवसांत असंख्य शिक्षक उत्तरपत्रिका आणि जुनी कागदपत्रे त्याच ॲपाने टिपत होते. बंदीच्या कारणांत आम्ही शिरत नाही. मुद्दा असा की त्या दिवशी अनेकांना आपले कागद नेमके कुठे ठेवलेले आहेत हा प्रश्न प्रथमच पडला. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादावरून ऑर्वेलची दोन पुस्तके वाचकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती. त्यांतले एक ‘१९८४’ होते, हा योगायोग कादंबरीकारालाही सुचला नसता. पैसे परत मिळाले, कंपनीने माफीही मागितली. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट अर्काइव्हवर हल्ला झाला आणि काही दिवस ते बंद पडले, तेव्हा दुर्मीळ मराठी पुस्तकांच्या तिथल्या प्रतींवर प्रबंध बेतलेले आमचे दोन विद्यार्थी हातावर हात ठेवून बसले होते.

म्हणून ज्या ॲपांना रेंज लागत नाही त्यांच्याविषयी आम्हांला विशेष ममत्व आहे. किविक्स नावाचे एक विनामूल्य ॲप आहे. एकदा चांगली रेंज असताना मराठी विकिपीडिया त्यात उतरवून घेतला की तो पुढे डोंगरात, बोगद्यात, लाईट गेल्यावरही उघडतो. नकाशे असे उतरवून ठेवता येतात, पुस्तकांच्या पीडीएफ प्रती ठेवता येतात. आणि ह्या साऱ्यांहून जुने, कोणतीच रेंज न लागणारे साधन म्हणजे पाठांतर. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्यांच्या मुखातली कविता घरच्यांनी उतरवून ठेवली, आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने, ती पुस्तकरूपाने आली. ह्यात आठवण आणि वही दोन्ही लागल्या. नुसत्या आठवणीवर विसंबले असते तर कविता बाईंबरोबर गेली असती. आणि आठवण नसती तर वहीत उतरवायला काही नव्हतेच. स्मरणशक्ती बुडाली म्हणून रडणाऱ्यांनी वहीचे, आणि यंत्राची आरती करणाऱ्यांनी मुखाचे महत्त्व विसरू नये.

निबंध लिहिणाऱ्या त्या मुलीची आजी पुढल्या वर्षी वारली. एकेचाळीस ओव्यांचे मुद्रण तोवर तीन ठिकाणी होते: तिच्या फोनात, विभागाच्या संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर. ती हल्ली दुसऱ्या एका वाडीतल्या दोन म्हाताऱ्यांकडे जाते आहे. नवे काही मिळाले की आम्हांला पाठवते. एक खूण दिसते. तिला रेंज मिळेपर्यंत आमचे उत्तर वाटेतच थांबते.

दर वर्षी जूनमध्ये नव्या वर्गाला आम्ही काही गोष्टी सांगतो. लिहायचे ते युनिकोडमध्येच लिहा. शोध दोन्ही रूपांनी घ्या. ज्या पुस्तकावर काम करायचे त्याची प्रत स्वतःजवळ उतरवून ठेवा. माणसाचा आवाज मिळाला तर प्रथम तो जपा, अक्षरे नंतर. मुदतीच्या दिवशी सड्यावर जायची पाळी येऊ देऊ नका. आली तर हस्तलिखित घेऊन या, दोन दिवसांची मुभा आहे. गेल्या जूनमध्ये मागच्या बाकावरून एकाने विचारले, “सर, हे सगळं वर्गाच्या ग्रुपवर टाकाल का? इथे लिहून घ्यायला वेळ जातो.” आम्ही ते ग्रुपवर टाकले, आणि फळ्यावरही लिहिले.